खडूची खिडकी

तुमचा कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण काल दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक अनोळखी म्हातारं जोडपं आपल्या घराचा नवा नकाशा ठरवत होतं.

"अहो, उद्या गवंडी येणार. स्वयंपाकघरात मी खडूनं खिडकी काढलीय, तिथेच भिंत फोडायला सांगा."

"त्या भिंतीला माझं पुस्तकांचं कपाट लागणार आहे."

"कपाट काय, कुठेही उभं राहील. माझा उभा जन्म त्या भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक करण्यात गेला."

"खिडकीतून दिसणार काय? शेजाऱ्यांची वाळत घातलेली धुणी."

"मला परवा दुपारी नदी दिसली."

"आपल्या गावात नदी कुठेय?"

"खिडकी तरी कुठेय?"

"...मोठी होती का?"

"पलीकडचा काठ धूसर दिसत होता. वारासुद्धा येत होता. भाजी चिरता चिरता डोळा लागला माझा."

"मग ते स्वप्न गं."

"असू दे. तुमच्या कपाटासमोर असलं पडेल का?"

आणि शपथेवर सांगतो मंडळी, त्याच क्षणी बाकाखाली पाणी आलं! माझ्या चपला तरंगायला लागल्या. डॉक्टर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बाहेर...

"पुरे!" चहाचा ट्रे घेऊन आमची ही दारात उभी. "अनोळखी जोडपं म्हणे! मग आज सकाळी माझ्या खडूच्या खिडकीत होडी कुणी काढली?"