गेटवरची अनुजा

कृष्णराव : थांब, मटर सोलणं राहू दे. कोण उभं होतं म्हणते तू, अन् कुठं?

रश्मी : अनुजा, बाबा. आमच्या गेमच्या ग्रुपात नवीन आली होती. गेममधल्या किल्ल्याच्या गेटवर उभी होती, रविवारी दुपारी. पावणेतीन घंटे. लढाई तर वीस मिनटातच संपली होती.

कृष्णराव : उभी म्हणजे घरी मोबाइल घेऊन बसली होती ना?

रश्मी : हो, पण हात हलवला नाही तर गेम बाहेर काढून देते. मतलब ती पूर्ण वेळ जागेवर होती.

कृष्णराव : अन् तुमी लोक?

रश्मी : जिंकलो अन् निघून गेलो. कोणी जेवाले, कोणी झोपाले. संध्याकाळी ग्रुपातला गुड्डू गेममध्ये परत आला तर ही तिथंच, भाला घेऊन. त्यानं फोटो काढला अन् ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'चौकीदार को सलामी दो'. मंग सगळे हासत बसले.

कृष्णराव : सगळे म्हणजे तू पण?

रश्मी : मी पण. मी तर कॅप्टन आहे, मी पयले हासली.

कृष्णराव : हं.

रश्मी : चार दिवस झाले, ती आली नाही. अन् ती एकटी नाही, बाबा. या महिन्यात अकरा नवीन आले, नऊ पळाले. असंच चाललं तर ग्रुप बंद पडन माहा. तीन वर्षं लागले मले हा ग्रुप उभा कराले.

कृष्णराव : नवीन माणूस आला का तुमी काय करता?

रश्मी : मी स्वागत करते ना. सतरा नियमांची लिस्ट पाठवते.

कृष्णराव : आमच्या स्टील प्लांटच्या गेटवर पण नियमांचा बोर्ड होता. छत्तीस वर्षं त्याच्या खालून गेलो. आतापर्यंत वाचला नाही मी.

रश्मी : तुमची गोष्ट वेगळी आहे.

कृष्णराव : असन. तिले गेटवर उभं कोणं केलं होतं?

रश्मी : मीच.

कृष्णराव : काय म्हणून?

रश्मी : म्हटलं, गेट सोडू नको, मी येते.

कृष्णराव : अन् तू गेली?

रश्मी : विसरली, बाबा. आईनं आवाज देला, भाजी आणाले गेली, अन् डोक्यातूनच निघून गेलं.

कृष्णराव : कोणाची पोट्टी होय ही?

रश्मी : जामुलले राहते. वडील प्लांटात होते म्हणे, आता रिटायर झाले.

कृष्णराव : वाटलंच मले. रिलीवर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय पोस्ट सोडाची नाही, हे त्या पोट्टीनं घरात बसून शिकलं. तिचा बाप किती वेळा डबल ड्युटी करून आला असन, जेवण गरम करून तिनंच वाढलं असन. अन् तुमी तिले चौकीदार म्हणता.

रश्मी : सॉरी लिहिलं मी तिले. म्हटलं, परत ये यार, सगळे मजाक करून राहिले होते.

कृष्णराव : म्हणजे चूक तिचीच काढली. तिले मजाक समजत नाही म्हणून.

रश्मी : मले असं नव्हतं म्हणाचं.

कृष्णराव : मी तुमसरकडून नवीनच आलो होतो. पयल्या आठवड्यात प्लांटातल्या पंपावर ड्युटी लावली. माह्या रिलीवरची बस चुकली, थो आलाच नाही. मी उभा. भूक लागली, पाय सुजले, कोणाले विचाराची लाज वाटे. दोघं-तिघं जाता जाता हासले. मनात पक्कं केलं होतं, सकाळची गाडी पकडाची अन् गावाले निघून जायाचं.

रश्मी : हे तर तुमी कधी सांगितलं नाही.

कृष्णराव : सांगण्यासारखं काय आहे त्याच्यात? मंग भय्याजी आला. दुसऱ्या खात्याचा माणूस, ओळख ना पाळख. चहा घेऊन आला अन् म्हणाला, मी उभा राहतो, चार्ज दे अन् जा. मी विचारलं, चार्ज कसा देतात? त्यानं शिकवलं. काय चालू आहे, काय बंद आहे, कुठं लक्ष ठेवाचं. सगळं ऐकून घेतलं त्यानं माह्याकडून, मोठ्या साहेबाचं ऐकावं तसं. थो आला नसता तर तू भिलाईत जन्मली नसती.

रश्मी : मंग मी काय करू आता? परत सॉरी म्हणू?

कृष्णराव : सॉरी नको म्हणू. येते म्हटलं होतं ना तिले? जा मंग.

रश्मी : चार दिवसांनी?

कृष्णराव : उशिरा आला तरी रिलीवर होय थो. अन् पयले थो फोटो ग्रुपवरून हटवाले सांग गुड्डूले.

रश्मी : ग्रुपवरच लिहिते. नियमांची लिस्ट बंद. नवीन कोणी आलं का एकानं त्याचा चार्ज घ्याचा, अन् दुसऱ्याले देल्याशिवाय ऑफलाइन नाही जायाचं. पाठवलं.

कृष्णराव : काय म्हणते गुड्डू?

रश्मी : लिहिलं, 'ये सरकारी नौकरी है क्या'. थांबा. फोटो हटवला त्यानं. आता विचारून राहिला, अनुजा आली तर तिचा चार्ज मी घेऊ का.

कृष्णराव : चांगला आहे पोट्टा. जीभच लांब आहे फक्त. लाव फोन तिले.

(रश्मी फोन लावून स्पीकरवर टाकते आणि त्यावरच गेम उघडते.)

अनुजा : हॅलो?

रश्मी : अनुजा, मी रश्मी. गेटवर उभी आहे मी आता. तुले सोडवाले आली. येशील का, फक्त चार्ज द्याले?

अनुजा : चार्ज?

रश्मी : हो. मी रविवारी येते म्हटलं होतं अन् आली नाही. चूक माही होती.

अनुजा : एक मिनट. हा मोबाइल चार्जिंगले लावेल आहे, दुसऱ्यावरून गेममध्ये येते. हां, आली. दिसली का मी?

रश्मी : दिसली. बोल.

अनुजा : उजवीकडची भिंत खालून फुटली होती, तिथं मी सात दगड लावले. मागून एक लहान रस्ता आत येते, तुमाले कोणाले माहीत नसन. समोरच्या टीमचे दोन जण त्याच्यातून आले होते, मी परत पाठवले. बाकी सगळं ठीक आहे.

रश्मी : दोन जण? तू एकटीनं?

अनुजा : तुमी येते म्हटलं होतं ना. म्हणून थांबली.

रश्मी : चार्ज घेतला, अनुजा. जा आता, चहा पी.

अनुजा : जाते. माही उद्याची ड्युटी कधी आहे, थेवढं सांगून ठेवजा.