सासरा आला तरी सून उठली नाही

सन २०२३, मार्गशीर्ष महिना. आमच्या रिहे गावात भाताची झोडणी नुकतीच उरकली होती. हसणार नसाल तर सांगतो. लग्नाला आठ वर्षं झाली तरी सून वंदनाला मूल नव्हतं. टेस्ट ट्यूब बाळासाठी तिची बीजं काढायला तिला हिंजवडीच्या दवाखान्यात नेलं होतं.

दुपारी ते उरकल्यावर मी तिच्या खोलीत गेलो. आमच्यात सासरा आला की सून उठून उभी राहते. ही मला बघून हसली, पण पडूनच राहिली. चार परकी माणसं बघत होती.

"सासरा आलाय. उठायची रीत न्हाई व्हय?"

"मामंजी, पाय उठंनात. कमरंखाली कायबी कळत न्हाई."

माझ्या हातातली शहाळ्याची पिशवी खाली पडली. माझ्या मुलाने तिच्या तळव्याला चिमटा काढला, तर तिला पत्ताच नाही. मी डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"नातू मागितला हुता बाई, सुनंचे पाय घ्या म्हटलं नव्हतं!"

"आजोबा, पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलंय. दोन-तीन तासांत उतरेल. पूर्ण झोपवू का विचारलं होतं, तीच नको म्हणाली."

मी वंदनाकडे वळलो. "का गं?"

"तुमी येणार आन मी झोपलेली, बरं दिसलं नसतं."

मी खाली पडलेली शहाळी उचलून तिच्या उशाशी ठेवली.

संध्याकाळी मी पुढे घरी आलो, मागून ती आपल्या पायांनी आली. ओट्यावर भावकी बसली होती. ती पायरीशी आली, तसा मी सगळ्यांदेखत बाजेवरून उठून उभा राहिलो.