मैदान मुलींचं

बाळासो : …आणि काल नातवानं घरात येऊन दप्तर फेकलं. म्हणतोय, शाळेचा मुख्यमंत्री मी, आन् मलाच मैदान सोडाय सांगितलं! ते बी एका पोरीनं. श्रीशैल मास्तर, ही शाळा आमच्या संस्थेची हाय का त्या दीप्तीची?

श्रीशैल सर : दीप्ती मुलांच्या मंत्रिमंडळाची न्यायाधीश आहे, अध्यक्षसाहेब. वर्गांच्या प्रतिनिधींनी नियम केला होता, शनिवारी शेवटच्या तासाला मैदान मुलींचं. मागच्या शनिवारी तुमच्या आर्यननं स्वतःच्या मनानंच तो मोडून क्रिकेट लावलं. मुली तिच्याकडे तक्रार घेऊन गेल्या. काल तिनं निकाल दिला, मैदान मुलींना परत.

बाळासो : मग मुख्यमंत्री हून फायदा काय?

सर : नियम पाळून घ्यायचा असतो त्यानं. एवढंच शिकवायचं होतं मला. जमलं की नाही, कळत नाही.

बाळासो : थांबा. शपथ मीच दिलती न्हवं? फेटा बांधून राज्यपाल केलासा मला. राज्यपाल माफी देतोय की! जावा, दिली माफी.

सर : माफी शिक्षेला असते. इथं शिक्षा कुणालाच नाही. फक्त मैदान परत द्यायचं आहे.

बाळासो : पोरखेळ हाय ह्यो! तिला खुर्चीत कुणी बसवलं?

सर : मी.

बाळासो : मग उठवा.

सर : उठवायचा अधिकार मी स्वतःकडे ठेवला नाही. चुकलंही असेल माझं. पण ठेवला असता, तर प्रत्येक निकाल तिनं माझ्या तोंडाकडे बघून दिला असता.

बाळासो : गगनबावड्याच्या शाखेत जागा मोकळी हाय, मास्तर. तिथला पाऊस, आन् तुमचा दमा. सोमवारी प्रार्थनेला निकाल रद्द म्हणून सांगा. न्हाईतर बदली काढतो.

सर : काढा. तो अधिकार तुमचा आहे.

(बाळासोंची जीप फाटकाबाहेर जाते. दाराआडून दीप्ती आत येते.)

दीप्ती : सर, मी ऐकलं सगळं. निकाल बदलू काय?

सर : चुकीचा वाटतो तुला?

दीप्ती : न्हाई. पण तुमचा दमा…

सर : खटल्यात माझा दमा होता का?

दीप्ती : न्हवता. सर, मग अध्यक्षांना कोण अडवतंय?

सर : असतं कुणीतरी वर. अर्ज करायचा, वाट बघायची. मी दमलोय गं.

दीप्ती : गगनबावड्याला सातवीचा वर्ग हाय का?

सर : असेल की.

दीप्ती : तिथं बी न्यायाधीश करणार?

सर : आधी छत्रीच्या काड्या बदलून घेतो. बाकीच्या मुली पायरीवर का बसल्यात?

दीप्ती : भ्याल्यात. आर्यनचे आजोबा आले म्हणून.

सर : आज शनिवार, शेवटचा तास सुरू झालाय. त्यांना सांग, मैदान रिकामं पडलंय.