पाणी कोण भरतं?

पाहणीवाली : थांबा ताई. जिन्यात कुणीतरी आहे.

सून : सासूबाई असतील. चप्पल ओढत चालतात त्या.

पाहणीवाली : मग ठरलंय तसं पाण्याचंच बोलू. आणि तुमचं मन बदललं असेल, तर तुम्ही आतापर्यंत सांगितलेलं सगळं पुसून टाकते.

सून : पुसू नका. पण ह्यांच्या कानावर गेलं तर…

पाहणीवाली : माझ्याकडून जाणार नाही.

(सासू आत येते. हातातली पिशवी खाली ठेवत नाही.)

सासू : दार लोटून कसल्या गप्पा चालल्यात?

पाहणीवाली : या आजी. पाण्याची पाहणी आहे. घरात पाणी कोण भरतं, ते विचारत होते.

सासू : त्यासाठी दार लोटावं लागतं होय? पाणी काय पळून जातंय?

सून : वारा होता, आई.

सासू : वारा! बाहेर पान हलत नाहीये. बरं, लिहा. पाणी मी भरते. हिचा उजवा खांदा वर जात नाही. आता विचारा, का जात नाही.

पाहणीवाली : ते माझ्या प्रश्नांत नाही, आजी. पिंपात भरता की टाकीत?

सासू : अहो, विचारा म्हणते ना मी!

पाहणीवाली : टाकीवर झाकण असतं का?

सासू : भलत्याच चिवट आहात.

सून : आई, जाऊ द्या ना त्यांना. हे जेवायला येतील.

सासू : येऊ दे. पाण्याचंच तर चाललंय. मागे एक आली होती, अशीच पाहणीवाली. जाताजाता जिन्यात माझ्या मुलालाच विचारलं तिनं, ‘बायकोवर हात उचलता का हो?’ काय गोड आवाज! हा हसला. तिला कोपऱ्यापर्यंत सोडून आला. मग वर येऊन कडी घातली.

सून : आई, नको ना.

सासू : खांदा तेव्हाचा.

पाहणीवाली : मी तुमच्या मुलाशी एक शब्दही बोलणार नाही, आजी.

सासू : ते कळलं मला. झाकण असतं टाकीवर, लिहा. आणि उद्या तो कामाला गेला की या. मी जिन्यात शेंगा सोलत बसेन. मध्येच परतला, तर ‘पाणी आलं गं’ म्हणून ओरडेन.

पाहणीवाली : ताई, तुम्ही सांगा. येऊ का?

सून : …या.

पाहणीवाली : आजी, तुम्हालाही कधी काही सांगावंसं वाटलं तर…

सासू : आधी हिचं ऐका. माझा माणूस गेला. माझं कधीही विचारलं तरी चालतं.