दहावी टोपी

मनिषा – बसा आदी, काकी. पानी घ्या. आनि सांगा, तलोज्याचा गिऱ्हाईक कसा होता?

झिल्पा – चांगला होता. खुर्ची दिली, सरबत दिलं, मला खाला म्हणाला.

मनिषा – खाला?

झिल्पा – मावशी. मुसलमान निघाला, मनिषा.

मनिषा – आवो, पन तुमीच तर बोलल्या, वाय. पेणकर म्हंजे तुमच्यातलाच मानूस!

झिल्पा – बोलले. प्रार्थनेची टोपी मागवतो, आडनाव पेणकर, म्हणजे बेने इस्रायलच, आमच्या ज्यूंमधलाच. आम्ही गावोगावच्या नावांना ‘कर’ लावून बसलोय, पण पेण काय आमच्या एकट्यांचं आहे? मी म्हटलं, वाय म्हणजे याकोब. दारावर पाटी होती, याकूब. नावसुद्धा जवळपास बरोबर ओळखलं होतं बघ. फक्त माणूस चुकला.

मनिषा – टोपी परत केली त्यानी?

झिल्पा – ठेवली. म्हणाला, नमाजाला कानापर्यंत हवी, ही टिकलीएवढी कशाला विणलीत? म्हटलं, मोठी करून देते. धंदा तो धंदा.

मनिषा – तुमी हसू नका वो.

झिल्पा – मी कुठे हसतेय?

मनिषा – पन कुरिअरनी पाठवायची सोडून, या वयात रिक्षानी तलोज्याला जायाची गरज काय होती?

झिल्पा – मग फोनवर कसं विचारू? परवा सकाळी माझ्या नवऱ्याच्या कबरीवर येता का, म्हणून?

मनिषा – म्हंजे... ह्याच्यासाठी मोबाइलवर टोप्यांचा दुकान घातला तुमी? मला वाटला, जोसेफकाका गेले, आता जीव रमवायला करतात.

झिल्पा – जीव रमवायला टीव्ही आहे. मोबाइलमधल्या त्या बाईकडून क्रोशा शिकले. पहिली टोपी अळूच्या पानासारखी झाली, ती उसवली. दुसरीत नारळ बसला असता, तीही उसवली. बोटं सुजली. म्हटलं, असली टोपी कुणाला लागणार? आमच्यातल्या पुरुषालाच. जो मागवेल त्याचा पत्ता कळेल, फोन कळेल. वर्षाची प्रार्थना म्हणायला आमचे दहा पुरुष लागतात गं. अलिबाग, ठाणे, सगळीकडे फोन करून नऊ जमवलेत. त्यातले दोघे एकमेकांचं तोंड बघत नाहीत, तरी येतायत. वाटलं, दहावा ऑनलाइन मिळेल. लोकांना नवरे मिळतात.

मनिषा – आनि गावली कोन? खांदा कॉलनीची हेतल.

झिल्पा – बाळकृष्णाला घातली तिने. शोभतेय. दुसरीने दह्याच्या वाटीवर झाकलीय, फोटो टाकून पाच तारे दिलेत.

मनिषा – चूक माजीच हाय. मी टोपी उपड्या वाटीवर ठेवून फोटू काडला. वर लिवला, देवाची टोपी.

झिल्पा – म्हणून तर खपतायत. मी खरं लिहिलं असतं तर वाटीवाली पण आली नसती.

मनिषा – ओरेनला सांगा ना! तिकडं इस्रायलात काय कमी हाय?

झिल्पा – तेच म्हणतो तो. आई, मी इकडे म्हणतो प्रार्थना, इकडे बसस्टॉपवर दहा मिळतात. मिळत असतील. पण जोसेफ बसस्टॉपवर नाही, इथे आहे.

मनिषा – मग आमचे घ्या. परेश हाय, भावेश हाय, सासरे हायेत. एक मागितलात, तीन देते.

झिल्पा – येऊ देत. बरं वाटेल. पण मोजता येणार नाहीत.

मनिषा – का? काकांना खांदा दिला तवा चालले नं?

(झिल्पा पिशवीतून लोकरीचा गुंडा काढते. टोक सापडत नाही, शोधत राहते.)

झिल्पा – खांद्याला मोजत नाहीत. परेश-भावेश होते म्हणून जोसेफ तिथवर पोचला, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण नियम आहे बाई. मी नाही केला.

मनिषा – आनि नवांनीच म्हटली तर?

झिल्पा – तेवढी ती एक प्रार्थना सोडून बाकी सगळं म्हणतील. फळं खातील, चहा पितील, गाडीची वेळ झाली म्हणतील.

मनिषा – थांबा, फोन बघते. परवापर्यंत येल की एकादी... काकी, आली! नवीन ऑर्डर!

झिल्पा – नाव वाच.

मनिषा – ...हेतलच हाय. बाळकृष्णाला आनकी एक.

झिल्पा – रंग?

मनिषा – पिवला.

झिल्पा – आहे पिवळी लोकर. सांग, देते म्हणून.

मनिषा – काकी, एक इचारू? तुमच्यातल्या दुसऱ्यांच्या वर्षाला जमायची की मानसं. ताटातली फळं मी पन खाल्लीत. तवा कशी व्हायची दहा?

झिल्पा – तेव्हा व्हायची. दहावा जोसेफ असायचा.