बापूरावनं रॅकले रंग देल्ला

…आन् म्हून म्या म्हणते, पोळ्याचा रंग पोळ्यालेच संपवावा माणसानं! बैलाच्या शिंगाले लावला, उरला तं गाडीच्या जुवाले लावा, नाई तं शेजाऱ्याले द्या, पण डब्याले झाकण लावून घरात ठेवू नोका बाप्पा. ठेवला का तो डबा वाट पाहून राह्यते! आमच्या घरी पाह्यली ना त्यानं वाट. आता आमच्या बुढ्याले, म्हंजे बापूरावले, ग्रामपंचायतीसमोरून जायाचं असलं तं तो देवळाच्या मागून वळसा घालून जाते. त्यातही चप्पल हातात घेऊन, आवाज नाई झाला पाह्यजे म्हून! काऊन? चोरी केली? नाई. कोनाच्या वावराची मेर कोरली? नाई. तुमाले सांगते, बुढा गेलता चांगलंच कराले!

झालं असं, का आमचा नातू अश्विन. हिंगणघाटले शिकला आन् एका ठेकेदाराकडे लागला, गावोगावी इंटरनेटचं कपाट बसवाच्या कामावर. कपाट म्हंजे लुगडे ठेवाचं नाई हो! काळं, उंच, लोखंडी, आन् आतमंदी मशिनी एकावर एक, जेवणाच्या डब्याचे कप्पे अस्ते तश्या. त्याले रॅक म्हणतात. तं ठेकेदार त्याले म्हणे, "हे पाय बे, आतापरेंत दुसऱ्याच्या हाताखाली केलं. आता एक रॅक एकट्यानं लाव. नागपूरचा साहेब येऊन तपासन. पास झाला तं तुले कायम करतो, नाई झाला तं घरी बसजो." आन् त्या पोट्ट्याच्या वाट्याले गाव कोणतं यावं? आपलंच! आता याले नशीब म्हणावं का फास?

बुढा तं निरा हवेत. धुतलेलं धोतर नेसला, टोपी घातली, पंचायतीच्या खोलीत खुर्ची टाकून बसला, जसा काई वरबाप! येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगे, "या, पाहा, नातू हाय आपला. करंटचं काम हाय, मागं सरका, मागं!" आपला तो चौकातला रूपराव, ज्याच्या तोंडाले देवानं कडीच लावली नाई, तो दारात उभा राहून म्हणते, "काऊन बापू, नातू वायरमन झाला का?"

"वायरमन अशीन तुहा सासरा! इंजनेर हाय तो!"

अश्विन गरीब बिचारा. हातातलं काम करता करता आजाले समजावून सांगे, "आबा, हे घरातली लाईट नोहे, बॅटरीची हाय, डीसी. आधी बटन बंद कराचं. बटनाले चिठ्ठी बांधाची, कोनी चालू करू नोका म्हून. मंग सगळ्यात आधी हे हिरवी वायर लावाची, अर्थिंगची. रॅकमंदी कुठं करंट उतरला तं तो या वायरीतून जमिनीत गेला पाह्यजे, माणसाच्या अंगातून नाई. लाल-काळ्या वायरी तिच्या मागून. काढतानी उलटं, हिरवी शेवटी."

बुढ्यानं मान हालवली. "समजलं. बैलाले आधी येसन, मंग जू!"

"तसंच, आबा."

झालं! दिवसभर जो येईन त्याले तेच, आधी येसन, मंग जू. रूपरावाची बायको दळण घेऊन चाललीती, तिलेही सांगतलं. तिले काय कराचं होतं अर्थिंग घेऊन?

आता ऐका पुढं. हिरव्या वायरीचं टोक जिथं रॅकले कसाचं होतं, तिथला काळा रंग अश्विननं पॉलिश कागदानं घासला. खर्र… खर्र… इकडे बुढ्याच्या काळजावर ओरखडे! नव्या कोऱ्या कपाटावर हातभर नाई, पण तळहाताएवढं उघडं लोखंड चमकाले लागलं. बुढा इचारणार, तेवढ्यात पोट्ट्याच्या ध्यानात आलं का वायरीच्या टोकाले दाबाचं जे तांब्याचं डूल अस्ते, लग म्हणतात त्याले, ते लहान आलं. वायर जाडी, डूल बारकं. गाडीले किक मारून म्हणे, "आबा, हिंगणघाटून नवा घेऊन येतो. तुमी इथंच बसजा. कोनाले हात लावू देऊ नोका!"

नाई लावू देल्ला. कोनाले म्हंजे कोनालेच नाई. सोता सोडून!

आता बुढा तिथं एकटा. वर आभाळ भरलेलं, खोलीच्या भिताडाले ओल, आन् समोर ते उघडं लोखंड. तुमाले सांगते, हा माणूस असा का विळा कोरडा दिसला तं तेलाचं बोट फिरवन, वखराची पास गंजली तं त्याले जेवण गोड लागत नाई. त्याच्या डोक्यात दोनच गोष्टी. एक, हे लोखंड गंजन. दोन, साहेब येईन, घासलेलं पाहीन आन् म्हणन, या पोट्ट्यानं सरकारी कपाट खरचटवलं! आला घरी. उतरंडीमागून काढला डबा. चांदी रंग, बैलाच्या शिंगाचा. "काय पायजे?" म्या इचारलं. म्हणते, "काई नाई." काई नाई म्हणणारा माणूस धोतराच्या सोग्यात डबा लपवून काऊन जाते, सांगा बरं?

काडीले चिंधी गुंडाळली आन् देल्ला एक हात. फुंकर मारली. वाळला. दुसरा हात देल्ला. असा चमके तो रंग, असा चमके, का घासलेलं लोखंड त्याच्यापुढं फिकं! आन् सांगाचं नाई कोनाले. नातवाले सांगतलं तं उपकार केल्यावानी होते म्हणे. बुढा गेलता चांगलंच कराले!

अश्विन आला घामाघूम, पाह्यलं तं जागा चकचकीत. त्याले वाटलं आपलंच घासणं हाय. लग दाबला, वायर बसवली, बोल्ट कसला. आता चांदी आन् लोखंड एकसारखंच चमकते, कोनाले वळखू येईन?

दुसऱ्या दिवशी साहेब आला. नागपूरचा, पाठीवर बॅग, हसणं घरी ठेवून आलेला. अर्धं गाव खिडकीत. साहेब म्हणे, "करंट बाद में. पहले अर्थिंग दिखाव." मीटरची एक सुई रॅकले लावली, एक जमिनीतून आलेल्या तांब्याच्या पट्टीले. पाह्यते, तं दोघाईचा मेळच नाई! पुन्हा लावली. नाई. साहेबानं मान वर केली, "क्यूं बे, ये अर्थिंग है का राखी बांधी?"

खिडकीतले हसले. पोट्ट्याचं तोंड उतरलं.

"पेंट घिसा था?"

"घिसा था, सर."

साहेबानं बोल्ट सोडला आन् चावीनं खरवडलं. नखावर चांदीचा पापुद्रा. "आन् हे काय हाय?" रागात माणूस आपल्या बोलीवर येतेच. "वायर रंगावर बसली हाय तुही, लोखंडावर नाई! उद्या करंट उतरला, कोनं हात लावला, तं त्याच्या घरी तू जाशीन का सांगाले?"

अश्विननं तो पापुद्रा पाह्यला. घरच्या बैलाच्या शिंगाचा रंग पोट्टं वळखणार नाई? हळूच आजाकडे पाह्यलं. मंग खाली मान घालून म्हणते, "चुकलं, सर. म्याच लावला."

आता इथं, इथं बुढ्यानं बोलाले पाह्यजे होतं ना! नाई बोलला. हात धोतराच्या सोग्यात, नखात चांदी. मले त्यानंच सांगतलं, भिताडाकडे तोंड करून, का भागीरथा, त्या वक्ताले पाय फुटले असते जमिनीले तं बरं झालं असतं, मले घेऊन पळाली असती. साहेब बॅग भराले लागला. "जा घरी. तुह्याच्यानं नाई होत."

तवा कुठं बुढा उठला. खुर्ची पडली. दोन्ही हात पुढं केले, पोरगं मास्तरपुढं करते तसे.

"साहेब… रंग माह्या हातचा हाय. पोट्टं खोटं बोलून राह्यलं. त्यानं घासलंतं, म्या झाकलं."

"काऊन, आजोबा?"

"उघडं होतं, साहेब. गंजलं असतं."

साहेबानं बॅग खाली ठेवली. आन् खिडकीतून मोबाईल धरून रूपराव, "नशीब बापू, घुंगरू नाई बांधले!"

मंग जे हसले लोक… बुढ्यानं टोपी काढून हातात घेतली, कोनाच्या मौतीत उभं राह्यल्यावानी.

एक साहेबच नाई हसला. म्हणे, "आजोबा, गंजू नाई म्हून लेप लावाचाच अस्ते. पण वायरीच्या वरून. तुमी तिच्या खालून लावला." आन् अश्विनले म्हणे, "घास पुन्हा. माह्यासमोर." पोट्ट्यानं घासलं, कसलं. मीटरची सुई लावली, मेळ बसला. मंग लाल-काळी वायर, उलटसुलट तं नाई ना तेही तपासलं, तवा चिठ्ठी काढून बटन दाबलं. हिरवे दिवे लागले टिकटिक. पास! साहेब जाता जाता म्हणे, "पोरगं ठीक हाय. पण पुढच्या गावी घरच्याईले आणू नोको."

अश्विन घरी येऊन आजाले काय बोलला अशीन? काईच नाई! "आबा, जेवले का?" एवढंच. दोन शिव्या हासडल्या असत्या तं बुढ्याले भाकर गोड लागली असती. बुढा ताटावर बसला आन् तसाच उठला.

तेवढ्यात फोन वाजला. आमची लेक भावना, वर्ध्याहून, तोंड दिसते तो फोन. आतापरेंत या गावात तिचं तोंड कधी पुरं दिसलंच नाई. नाक आलं का डोळे अडकत. त्या दिवशी कशी निरी समोर बसल्यावानी! कानातले डूलबी दिसे. "बाबा," म्हणते, आन् हसू आवरेना तिले, "रॅकले रंग देल्ला म्हणे तुमी? रूपराव काकानं व्हिडिओ टाकला ना! मामाच्या गावापरेंत पोचला!"

बुढ्यानं फोन पालथा घातला आन् भिताडाकडे तोंड केलं. मंग तिकडूनच अश्विनले इचारते, "काऊन रे, हे सारं… त्या तुह्याच कपाटातून गेलं का?"

"हो, आबा."

"कुठंच नाई अडकलं?"

"नाई, आबा."

"मंग," बुढा म्हणे, "काम पक्कं केलं, बावा, तुनं."