पचमढीचे कपडे

— नाई मावशी, खिसा पाह्यजेच, अन् दोन्ही बाजूंनी. मागच्या वेळी दिलता तसा नाई हां, दोन बोटं गेली की संपला! पूर्ण हात आत गेला पाह्यजे — मोबाइल, रुमाल, तिकीट, सगळं मावलं पाह्यजे. मान काऊन हलवून राह्यल्या? कुर्त्याची लाइन बिघडते? बिघडू द्या! पोराच्या हाफपँटीले चार-चार खिसे अन् बाईनं जन्मभर ब्लाउजातून पैसे काढायचे, हा काय न्याय झाला? — हसू नका, टाचण्या गिळाल. खरंच, तुमचं मस्त आहे बाप्पा. तोंडात टाचण्या धरायच्या, साऱ्या आंजी गावाचं ऐकून घ्यायचं, अन् कोणाले उत्तर द्यायचं काम नाई. माझ्यानं तर दोन मिनिटं गप्प राहवत नाई. आई म्हणते, काजल एम.ए. करून आली अन् घरातल्या रेडिओचं काम संपलं.

तर पाहा, पूर्ण प्लॅनच सांगते तुमाले. परवा सकाळी वर्ध्याहून ट्रॅव्हल्स आहे, पचमढीची. शेवटच्या दोन सीट होत्या, दोन्ही मी धरल्या. अन् सामान काय, तर एक बॅग, पाठीवरची, बस! मागच्या उन्हाळ्यात माझी मैत्रीण रुचिका गेलती — ही मोठी चाकाची बॅग, रोज सकाळ-संध्याकाळ वेगळा ड्रेस, त्यावर वेगळी चप्पल. पहिल्याच चढावर चाक तुटलं. मंग काय, नवरा बॅग डोक्यावर घेऊन चढला. सगळ्या फोटोंत ही अशी हसून राह्यली अन् मागं तो, लग्नातल्या बत्तीवाल्यासारखा! आपलं तसं नाई. आपले तीन कुर्ते — हा निळा, हा हळदी, हा विटकरी — अन् खाली एक पलाझो, एक सरळ पँट. कोणतंही कशावरही चालते, रंग मी तसेच पाहून घेतले. घडी नाई घालायची, पोळीसारखी गुंडाळी करायची, म्हणजे चुरगळत नाई अन् जागाही कमी लागते. अन् ही कोटी, वरून घालायचं बिनबाह्यांचं जाकीट — इथं माझं खरं डोकं लागलं, मावशी — ही दोन्ही बाजूंनी घालता आली पाह्यजे. इकडून साधी, उलटी केली की काठाची. फोटोत दोन दिसतात, बॅगेत एकच! लागते तिथं कोटी, संध्याकाळी थंडी वाजते म्हणतात. मे महिन्यात थंडी! आपण इथं कूलरच्या तोंडात बसलो तरी मान ओली. अन् दुपट्टा मलमलचा घेतला, चांगला मोठा — उन्हात तोंडाले बांधा, बसमध्ये उशी करा, धबधब्यात भिजलं तर अंग पुसा, अन् पदरासारखा सोडला तर काय स्टाइल! उरल्या कपड्याची एक टोपी शिवा, काठ वाकणारी, खिशात दुमडून राहणारी. घालणार नाई ती, मले माहीत आहे, पण राहू द्या —

ती म्हणजे? ती म्हणजे... मी. मीच घालणार नाई म्हटलं. तुम्ही ते हळदी कापड खांद्यावर टाकून आरशात काय पाहून राह्यल्या? रंग पाह्यले? पाहा, पाहा. तुमच्यावर तर लयच खुलते, खरं सांगते.

अरे, टेप कशाले घेतला? माप दिलं ना मी, मापाचं ब्लाउज दिलं, त्याच्यावरून घ्या. लांबी तेवढी गुडघ्याखाली चार बोटं. मले मोठं होते? होऊ द्या, आता ढिल्याचीच फॅशन आहे. ओव्हरसाइज म्हणतात. तुमचे हे दोन हात काय दाखवून राह्यल्या, माझ्यासारख्या दोघी बसतील? बसू द्या ना! हवा खेळते. — ब्लाउज उलटं कशाले करता, मावशी? काखेत काय आहे? लाल दोऱ्याचा... हो. तुमची खूण. तुमच्या हातच्या प्रत्येक ब्लाउजात असते ती. म्हणजे मी पण काय शहाणी, तुम्हीच शिवलेलं आईचं ब्लाउज तुमालेच दिलं अन् म्हणते माझं आहे!

बरं. आईचे आहेत कपडे. सगळे. दुसरी सीट आईची आहे, अन् तिले अजून काहीच माहीत नाई. आता पाहा मावशी, तिले आधी विचारलं असतं तर काय म्हटलं असतं तिनं? "माझ्याजवळ घालाले काय आहे बाई!" अन् खरंच काय आहे? शाळेत खिचडी शिजवाले जायच्या चार साड्या, अन् पेटीत दोन पांढऱ्या — एक चौदा एप्रिलची, एक बुद्ध पौर्णिमेची. पांढरी साडी नेसून डोंगर कशी चढंल ती? म्हणून म्हटलं, पहिले कपडे तयार. तोंडासमोर बॅगच ठेवायची भरलेली. मंग म्हणन, "या वयात कुर्ता घालू का?" त्याचंही उत्तर आहे माझ्याजवळ — आहे का कोणत्या कायद्यात लिहिलेलं? मंग म्हणन, शाळा. शाळेले सुट्टी आहे. मी एकेक करून तिची सारी कारणं बंद करत आणली, मावशी. तुमाले माहीत आहे ना, ती दुसऱ्यांचे स्टेटस पाहते, मोबाइलवर? रुचिकाचे फोटो आले तर एक फोटो तिनं दोन बोटांनी मोठा केला, माणसं बाजूले सारली, मागचं झाड पाह्यलं, अन् मले विचारते, "इथं रात्री पंखा लागत नसन, नाई वो?" बस, एवढंच. मंग भाकरी टाकाले बसली. मले तर झोपच नाई आली.

आता एकच कारण उरलं. — काय विचारून राह्यल्या, भुवया वर करून? तुम्ही. तुम्ही आहे ते कारण, मावशी! तुमच्या घरात शिरली अन् पहिले वास आला मले, आंबट. तो कोपऱ्यात स्टीलचा गंज झाकून ठेवला, त्यात कुरडयांचा गहू आहे. भिजला, उद्या दळाल, चीक गाळाल, अन् परवा पहाटे शिजवाल. परवा! आईनं तुमाले शब्द दिला, "चीक मी हाटीन, तू सोऱ्या धर." दरवर्षीचं आहे तुमचं, एक पारी तुमची, एक आमची, माहीत आहे मले. अन् आईचं काय आहे, देवानं येऊन सांगितलं तरी तुमचा भिजलेला गहू सोडून ती बसमध्ये बसणार नाई. देव तर आमच्याकडे तसाही नाई, पण समजा. म्हणून मीच आली. कपडे तर वर्ध्यातही शिवून भेटले असते.

मले सांगा, उन्हाळ्याची सुट्टी असते कोणाची? पोरांची. मास्तराची. जावई येते त्याची. अन् बायकांले काय? ऊन चांगलं आहे, चला वाळवणाले! सारं जग ऊन चुकवते अन् तुम्ही दोघी भर उन्हात गच्चीवर, डोक्यावर ओला दुपट्टा, कुरडया मोजून राह्यल्या. अन् खाते कोण? तीच पोरं, तोच जावई. पाकीट भेटते दुकानात, विकत घ्या ना! नाई? चव नसते? बरं, नसते. पण चव म्हणून आयुष्यभर गच्चीवरच बसायचं? एका बाईनं तरी एका उन्हाळ्यात म्हणावं ना, यंदा मी नाई, यंदा माझी सुट्टी. कोणी म्हटलं तर आभाळ कोसळंल का? मी सांगते, नाई कोसळणार! घरातलं दुसरं कोणी करंल, हातानं करता येते ते काम कोणालेही शिकता येते. — हे मी कॉलेजातही म्हटलं होतं, स्पर्धेत. टाळ्या पडल्या होत्या.

तर तुम्ही फक्त एवढं सांगा तिले, "कमला, तू जा, गव्हाचं मी पाहीन." तुमच्या तोंडून ऐकलं तर जाईन ती. बस, एवढंच मागून राह्यली मी. सांगाल ना?

— मावशी? उठल्या काऊन? रागावल्या? मी जास्त बोलली का? मले तसं नव्हतं म्हणायचं, तुमच्या कुरडया तर... बसा ना. हे टेपचं काय? कोणाचं माप घेऊन राह्यल्या — तुमचं? कंबर? आता ते हळदी कापड कशाले बाजूले काढलं... मावशी. मावशी, सीट दोनच आहेत. गाडी भरली, मी स्वतः फोन केलता. हो, नाव बदलता येते, तेवढं येते. एक तुमचं अन् एक आईचं... हो. तुमच्यासंगं तर ती आजच चालली जाईन, विचारायचंही काम नाई. हो, दोघींनी एकमेकींचे फोटो काढा ना. हो, कोटी एका बाजूनं ती घालंल अन् दुसऱ्या बाजूनं तुम्ही — हे बरं सुचलं तुमाले! पण मंग...

हे काय? सोऱ्या माझ्या हातात काऊन देता? मले? मावशी, मले तर चीक शिजला की कच्चा आहे हेही समजत नाई! मी एम.ए. आहे, राज्यशास्त्रात! हो — म्हटलं ना मी. हो, शिकता येते म्हटलं. टाळ्या पडल्या हेही मीच सांगितलं.

बरं. द्या. गंजही उचलते. तुमच्या कुर्त्याले खिसे? दोन्ही बाजूंनी? पूर्ण हाताचे? अन् आता लाइन नाई बिघडत वाटते!

जाते, जाते, ढकलू नका. पण मावशी, चीक किती वेळ हाटायचा, मीठ कधी टाकायचं, एवढं तरी सांगून ठेवा — अन् पहिले त्या टाचण्या काढा ना तोंडातून!